ओल बघायला मे महिन्यात या

…नाही, मला सांगा, भिंतीला आलेली बुरशी दाखवायला मुहूर्त लागतो का? आमच्याकडे लागतो. मांडवीला भाड्याने राहतो आम्ही, मालक भिकाजीकाका मुंबईला, माणूस लाख हो, येताना पोरीला खाऊ आणल्याशिवाय राहायचा नाही, पण भर जुलैत मी फोन केला, म्हटलं, काका, भिंत काळी झाली, आमच्या नेत्राची छाती वाजते, डॉक्टर म्हणतात औषध पुरे, आता भिंत बघा… तर काका म्हणतात, "अरे विनोद, पावसात गिलावा धरेल काय? सुकू दे, मग बघू."

सुकली. मे महिन्यात काका आले आंबे उतरवायला, भिंतीवरून हात फिरवला आणि मलाच विचारतात, "कुठाय ओल? झिरपतंय कुठून ते कळल्याशिवाय फोडू कुठे? पाऊस पडू दे, मग बघू." दोन्ही वेळा माणूस बरोबरच.

बायकोने, निशिगंधाने, वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचंच काम, कायदाच आहे, नोटीस पाठवा. पाठवली. काकांचा लगेच फोन, "वाचली हो. अगदी बरोबर आहे, माझंच काम ते. पाऊस पडू दे, मग बघू."

मग तुम्हाला सांगतो, मी डोकं चालवलं. गणपतीला काका भावाकडे येतात, तिथे पाहुण्यांची ही गर्दी, म्हटलं, काका, झोपायला आमच्याकडे या, आणि अंथरूण घातलं कुठे? त्याच भिंतीला चिकटून. नेत्राला आमच्याजवळ घेतलं, पोर कधी नव्हे ती शांत झोपली, आणि सकाळी बघतो तर काका उठून बसलेले, नाक लाल, शिंकांवर शिंका… "विनोद, ह्या खोलीत माणूस राहील काय रे?" मला अगदी भरून आलं हो. निशिगंधाने आल्याचा चहा केला. म्हटलं, मग काका, कधी करायचं?

काका चपला घालत म्हणाले, "करायचं काय त्यात? ठरलं माझं. पुढच्या गणपतीपासून मेव्हण्याकडे झोपणार."

तर आम्ही घर सोडतोय. पोरीच्या छातीपुढे हट्ट कसला? जागा रिकामी होतेय, कोणाला हवी असेल तर सांगा, समुद्र जवळ, मालक सज्जन. बघायला मात्र मे महिन्यात या… आम्हीही मेमध्येच बघितली होती.