ओव्हनचं दार

टेनेसीतल्या त्या इस्पितळात नवऱ्याला शस्त्रक्रियेला आत नेल्यापासून कोरालीने खबर विचारून विचारून काउंटरवरच्या मुलीला भंडावून सोडलं होतं. आताही ती उठली, तोच शेजारच्या दोघींचं बोलणं कानावर आलं. समोर टीव्हीवर केकची स्पर्धा चालली होती.

“बघ आयडेला, त्या बयेने पुन्हा ओव्हन उघडला. बसला केक!”

“माझा भाऊ आत टेबलावर आहे, व्हर्निस, आणि तुला केक सुचतोय?”

“अगं, देवाच्या हाती दिलंय ना त्याला? मग सारखं दार उघडून कशाला बघायचं?”

“झालं! रविवारी फुटबॉलमधून देव काढलास, आज केकमधून.”

“चर्चच्या जेवणाला तुझा केक दरवेळी का बसतो, सांगू?”

“नको.”

तेवढ्यात नर्स आली. “आयडेला कोण? भाऊ शुद्धीवर आलाय. भूक लागली म्हणतोय.”

आयडेलाने डोळे पुसले, नाकही पुसलं. “माझ्या ओव्हनला निदान काच तरी आहे गं. देवाला तेवढी बसवायला काय झालं होतं?”

कोरालीला हसू फुटलं. ती काउंटरकडे न जाता परत खुर्चीत बसली.

“काय हो,” तिने विचारलं, “स्पर्धेतल्या त्या दुसरीचा केक फुलला का?”