सापाचे पाय

शांघायच्या त्या बागेत लग्नाळू मुलांची माहिती छत्रीवर चिकटवून आईबाप बसतात. मुलासाठी बसलेल्या शेंग आजोबांच्या छत्रीपाशी महिन्याभरानं आज एक बाई थांबल्या.

"घर, नोकरी, सगळं छान. पण 'घोरत नाही' हे कशाला लिहिलंत?"

"खोडतो, ताई. फार पूर्वी चू राज्यात नोकरांची पैज लागली. जो आधी जमिनीवर सापाचं चित्र काढेल, त्याला दारूची सुरई. एकाचा साप आधी काढून झाला, तर तो त्याला पाय काढत बसला. तोवर दुसऱ्यानं आपला साप पुरा करून सुरई उचलली, म्हणाला, सापाला पाय नसतात. तेव्हापासून म्हणतात, सापाला पाय काढू नयेत."

"शहाणे आहात. द्या नंबर, मुलीला सांगते."

"घ्या. आणि स्वयंपाक तोच करतो हं. त्याची पहिली बायकोसुद्धा त्याच्या हातच्या माशाला नावाजायची."

"असं? मग आधी तिचा नंबर द्या."