तिरकी मांडणी

दाढेने सुताराचा जीव नकोसा केला होता. दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून तो नंबराची वाट पाहत होता, आणि शेजारी दोघी बहिणी एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"बघ ताई, माझ्या फसलेल्या लाकडी मांडणीचा फोटो. वर लिहिलंय, 'मला सगळंच जमत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.' सकाळपासून नऊशे बदाम!"

"अगं, पण ही मांडणी तर तुझ्या नवऱ्याने केलीय ना?"

"हो, माझ्या वाढदिवसाला. दोन महिने खपत होते बिचारे."

"पण घरी पाहिली तेव्हा एवढी तिरकी नव्हती."

"थोडीशीच होती गं, फोटोत कळेचना. मग मी एका बाजूचे स्क्रू ढिले केले."

सुताराने डोळे गच्च मिटले. कंपाउंडरने त्याला हाक मारली, तर त्याने आधी दुसऱ्याला घ्या अशी हातानेच खूण केली.

"तुझ्या नवऱ्याने पाहिला फोटो?"

"पाहिला की. खाली लिहिलं, 'पुढच्या वेळी नक्की सरळ करतो.' मी ते लगेच काढून टाकलं. उगाच लोकांचा गोंधळ होतो."

"एवढं खरं बोलायची हौस आहे, तर तुझ्या शिवणक्लासचं लिही ना. चार महिन्यांत गाशा गुंडाळलास."

"हळू बोल, ताई! ते काय चारचौघांत सांगायचं? ते खरंच फसलंय."