सिरीयस की क्रिटिकल, एकदा ठरव

...आणि वर मलाच विचारतो, 'दादा, सिरीयस की क्रिटिकल? नेमका शब्द सांग!' नेमका शब्द! म्हणजे इथे झाशीत आमचा बाप सिव्हिल लाइन्समधल्या नर्सिंग होममध्ये नाकात नळी घालून पडलाय, मी आयसीयूच्या दारात बाकड्यावर चपला मांडीशी घेऊन बसलोय, कारण आत चपला चालत नाहीत आणि बाहेर ठेवल्या तर राहत नाहीत, आणि हा आमचा धाकटा, पराग, पुण्यात एसीत बसून माझी इंग्रजीची तोंडी परीक्षा घेतोय.

तुम्हाला सांगतो, डोकं फिरतं. झालं काय, तर सकाळी बाबा बड्या बाजारात गेले, गणपतीच्या पूजेची सुपारी आणायला. आता आमचे हणमंतराव म्हणजे रेल्वेतले रिटायर गार्ड, आयुष्यभर शिट्टी मारून गाडी सोडली, त्यामुळे आपण बोललो की जग हललंच पाहिजे असा समज, आणि भांडल्याशिवाय माणूस सुपारीसुद्धा घेत नाही. तर भांडता भांडता छाती धरली आणि त्याच दुकानदाराच्या पोत्यावर बसले. त्याचा मला फोन, 'भैया, बाबूजी गाली देते-देते बीच में चुप हो गए, जल्दी आइए.' हणमंतराव शिवी अर्धी सोडतात? मी बनियनवर धावलो हो!

डॉक्टर म्हणाले, 'देखिए, क्रिटिकल हैं, लेकिन स्टेबल हैं. अभी कुछ कह नहीं सकते. जिनको बुलाना है, बुला लीजिए.' बोलावायचं कोणाला, एकच तर आहे. लावला फोन. म्हटलं, 'पराग, बाबा सिरीयस आहेत, ये.'

आणि तो हसला. खदाखदा हसला हो! म्हणतो, 'दादा, गणपतीला या वर्षी नाही रे जमणार, सलोनीला सुट्टी नाहीये.' सलोनी म्हणजे त्याची बायको.

आता तो का हसला, ते सांगतो, आणि त्यातही मला राग बाबांचाच येतो. आमच्या लहानपणी, म्हणजे तारांच्या जमान्यात, इथल्या रेल्वे कॉलनीतल्या मराठी माणसांना गणपतीला गावी जायला सुट्टी मिळायची नाही. मग करायचं काय? तर साताऱ्याहून काका दर भाद्रपदात तार ठोकायचे, 'फादर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली.' साहेब कपाळाला हात लावायचा, 'हणमंतराव, तुम्हारे पिताजी फिर सीरियस?' बाबा तोंड पाडून उभे. सुट्टी मंजूर! आणि हे सिरीयस आजोबा साताऱ्याच्या स्टेशनात टोपी घालून आम्हाला न्यायला हजर, आमची ट्रंक स्वतः उचलायचे. तार आली की मी आणि पराग अंगणात नाचायचो, 'आजोबा सिरीयस झाले, आजोबा सिरीयस झाले!' आमच्या घरात सिरीयस म्हणजे मोदक. आता बाबांना खऱ्या आजारपणात हा शब्द लावायचा आणि पोराने धावत यायचं? कसा येईल?

मी ओरडलो, 'अरे गाढवा, खरंच! डॉक्टर क्रिटिकल म्हणाले!' तेव्हा कुठे याचा आवाज जरा उतरला. पण उतरून गेला कुठे, तर ऑफिसात! 'हे बघ दादा, आमच्याकडे क्रिटिकल म्हणजे सगळी सिस्टीम बंद. बाबांची सगळी सिस्टीम बंद आहे का?' अरे, सगळी बंद झाली तर मी तुला फोन करू की तिरडी बांधू? 'तसं नाही रे, पण ते स्टेबल पण म्हणालेत ना? मग नेमका शब्द सांग.'

म्हटलं, इमर्जन्सी म्हणू? तर म्हणे, 'ॲडमिट केलंत ना, मग इमर्जन्सी संपली.' क्रायसिस म्हणू? 'क्रायसिस कंपनीवर येतो, दादा, एका माणसावर नाही येत.' अर्जंट? 'अर्जंट तर सगळंच असतं.' बघा! बाप एक, नळी एक, आणि शब्द बाजारात भाजी निवडल्यासारखे चाललेत. हा दबलेला, तो किडका, हा नको, तो दाखवा.

शेवटी मी डॉक्टरांना पॅसेजमध्ये गाठलं. म्हटलं, 'डॉक्टर साहब, एक बार तय कर दीजिए, सीरियस कहूँ कि क्रिटिकल?' त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, 'आप इंश्योरेंस वाले हैं क्या?' बनियन, हातात चपला... इंश्योरेंसवाला!

आमची शलाका, म्हणजे माझी बायको, ती म्हणाली, 'भावोजींना सरळ मराठीत सांगा ना, अत्यवस्थ आहेत म्हणून.' ती माहेरची कोल्हापूरची, तिच्याकडे असे शब्द असतात. सांगितलं. तिकडून पराग, 'अत्यवस्थ मतलब? सिरीयसच्या वर की खाली?' झाशीत वाढलेलं पोर, हिंदी शाळेत शिकलेलं, त्याला कुठलं कळायला? मलाही कळलं नव्हतं, पण मी तोंड तरी बंद ठेवलं!

इतक्यात सिस्टर बाहेर आली. 'बाबूजी जागे हैं, छोटे वाले को पूछ रहे हैं.' मी सकाळपासून दारात, आणि विचारतात कोणाला? छोटेवाले को. गिळला राग. फोन नेऊन त्यांच्या कानाला लावला, स्पीकर सुरू केला. आणि बाबा इतक्या हळू बोलले, की मी चाळीशी ओलांडलेला माणूस, पण मला तो आवाज कोणाचा तेच कळेना. 'पराग, बाळा, मी मजेत आहे. काम सोडून येऊ नकोस. इथली माणसं फार चांगली आहेत. डॉक्टर पण गुणी आहेत. दादाला त्रास पडला बिचाऱ्याला.'

फोन घेऊन मी बाहेर आलो. पराग म्हणाला, 'दादा... बाबा चांगलं बोलतायत?'

म्हटलं, 'हो.'

'डॉक्टरांना गुणी म्हणाले?'

'हो रे.'

'तुला बिचारा म्हणाले?' आणि तिकडे लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. 'मी निघालो. आत्ता निघालो.'

निघाला की! दिल्लीपर्यंत विमान, पुढे टॅक्सी, दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर, डोळे सुजलेले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. मला मिठी मारली, बूट काढले, म्हणाला, 'दादा, हे जरा धर,' आणि गेला आत.

आणि आत बाबा उठून बसलेले! वाटीतला दलिया सिस्टरला दाखवून, 'ये क्या है? ये बैल भी नहीं खाएगा!' शिव्या परत आल्या, माणूस परत आला. परागला बघितलं आणि चेहरा असा फुलला, की मला जन्मात कधी दाखवला नाही. सिस्टरला सांगतात, 'ये मेरा बेटा है. पूना से आया है. सब काम छोड़ के.'

सिस्टर दाराकडे बघते. मी उभा, दोन्ही हातांत चपला-बूट. ती म्हणते, 'और ये भैया?'

बाबांनी मान वळवली. मला नीट बघितलं. 'ये? ये तो यहीं रहता है.'

संध्याकाळी पराग बाहेर आला, मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवून अगदी समजुतीने म्हणतो, 'दादा, किती घाबरवलंस. बाबा तर ठणठणीत आहेत. पुढच्या वेळी नेमका शब्द सांगत जा.'

काल सकाळपासून जमवलेल्या शिव्या होत्या हो माझ्याकडे, हिंदीतल्या, मराठीतल्या, बुंदेलीतल्या सुद्धा. तुम्हाला सांगतो, त्यातली एकही नेमकी वाटेना. म्हटलं, 'बरं.' आणि त्याचे बूट त्याच्या पायाशी ठेवले.