नरसय्याचं गाव

तुमी मला उठसूट गप्प बसवता, पण माझ्या या तोंडानंच एका पोरीचं काम केलंय.

शेजारची सुजाता. मेक्सिको आणि तिकडच्या देशांतनं जी माणसं अमेरिकेत कामाला गेली, त्यांच्यावर संशोधन करणारं तिथं एक केंद्र आहे. तिला तिथंच शिकायचं होतं. मुलाखत लॅपटॉपवर, आणि इंटरनेट आमच्याकडं बरं. त्यामुळं सकाळपासनं पोरगी आमच्याच खोलीत येरझाऱ्या घालत होती.

“काका, अर्धा तास तोंड उघडू नका.”

“बरं की.”

पडद्यावर त्या केंद्राची बाई, घराणं मूळचं मेक्सिकोचं. तिनं पहिलंच विचारलं, सोलापुरात राहून तुला आमच्या लोकांचं काय कळणार? सुजाता अडखळली. तेवढ्यात आमचा लूमवाला नरसय्या आत आला. त्याला बघितलं की माझी जीभ राहत नाही.

“काय नरसय्या, गावाला परत कधी जाणार?”

“किती वेळा सांगू रे? तेलंगणातनं आजोबा आले. मी हितं सोलापुरात, भवानी पेठेतच जन्मलो.”

बाईनं विचारलं, हे काय चाललंय? सुजातानं घाबरत सगळं इंग्रजीत सांगितलं. बाई हसत सुटली. पुढचं मला सुजातानं मागनं सांगितलं. बाई म्हणाली, “मी पण इथं अमेरिकेतच जन्मले, तरी मला रोज हेच विचारतात.”

“माफ करा मॅडम, आमचे काका तसलेच आहेत.”

“माफी कशाला? असले काका इकडंही आहेत, म्हणून तर आमचं केंद्र काढावं लागलं. तू ये.”