या घरात पुरुष नाही

बुआलाय : एकदा सांगितलं ना, या घरात पुरुष नाही. फाटकावर एवढी ढळढळीत पाटी लावलीय. वाचता येतं की नाही?

पैरोत : अहो वहिनी, मी पैरोत! बँकॉकहून आलोय. खामसिंगचा दोस्त. सिंगापूरला इमारतीच्या कामावर एकाच खोलीत होतो आम्ही.

बुआलाय : असाल. पण खामसिंग नावाचा पुरुष इथे राहत नाही.

पैरोत : म्हणजे? कुठे गेला? असं तोडून बोलू नका हो... तोही झोपेतच?

बुआलाय : श्श! हळू. रस्त्यावर पुरुषाचं नाव नका घेऊ. आधी आत या, फाटक लावा. अक्का! अगं ए अक्का! पाहुणा आलाय बघ तुझा.

खामसिंग : आले गं, आले. ओरडतेस काय? अरे... पैरोत?

पैरोत : हे काय रे? नखं लालभडक, कमरेला वहिनींची फुलाफुलांची लुंगी! लोखंडाच्या कांबी खांद्यावर वाहायचास तू, खामसिंग!

खामसिंग : बस. पाणी पी.

पैरोत : बस काय बस? काळजाचं पाणी झालं माझ्या. मला वाटलं, संपलास.

बुआलाय : म्हणूनच तर ही सोंगं. महिन्याभरात गावातली तीन माणसं झोपेत गेली. धडधाकट. जेवून झोपली ती उठलीच नाहीत. नवरा शोधत फिरतेय एक हडळ. कुठल्या घरात पुरुष आहे हे तिला कळता कामा नये.

पैरोत : आणि नखं रंगवली की ती फसते? इतकी खुळी?

बुआलाय : नवरा शोधणाऱ्या बाईला कुठे धड दिसतं? मला तरी कुठे दिसलं होतं?

खामसिंग : झालं सुरू.

पैरोत : आणि फाटकावर ते लाकडाचं कोरलेलं... पुरुषाचं... ते...

बुआलाय : ते तिचं मन बाहेरच रमावं म्हणून. तुम्ही कशाला एवढं निरखून बघितलंत?

पैरोत : मी कशाला निरखू! बरं, ते राहू दे. खामसिंग, सामान बांध. ठेकेदार पुन्हा माणसं नेतोय सिंगापूरला. उद्या सकाळी बँकॉकात हजर व्हायचंय. तुझं नाव मी सांगून आलोय.

खामसिंग : मला न विचारता?

पैरोत : विचारायला फोन उचलतोस का तू? कपडे घाल चल, माणसांतले. आलो ती गाडी परत कधी आहे, वहिनी?

बुआलाय : दिवस मावळायच्या आत येते. तीच शेवटची. मग भन्ते गावाभोवती पांढरा दोरा बांधणार. तीन दिवस आतला आत आणि बाहेरचा बाहेर.

पैरोत : तीन दिवस? मग इथे बसून काय करताय? ऊठ रे!

खामसिंग : मी येत नाही.

पैरोत : येत नाही काय? दोन पावलं चालून बघ तरी, विचार बदलेल.

बुआलाय : पावलं तुम्हीच थांबवा आधी. आल्यापासून बाजेभोवती फेऱ्या घालताय, माझ्या कोंबड्यांना चक्कर आली. बसा. चिकट भात आहे, पपईचा ठेचा केलाय, सुकी मासळी भाजते.

पैरोत : भूक नाही. ते झोप उडवायचं पेय मिळेल का दुकानात? बाटलीतलं? माझं संपलं.

बुआलाय : पिशवीत रिकाम्या बाटल्याच तर खणखणतायत तुमच्या! आणि डोळे असे, मिरची चोळल्यासारखे. भावजी, शेवटचं कधी झोपलात?

पैरोत : झोपतो की. बसमध्ये वगैरे.

खामसिंग : खरं सांग.

पैरोत : गाडीचा आवाज आला का आत्ता?

खामसिंग : नाही आला. खरं सांग.

पैरोत : ...आपल्या खोलीतला उदोम गेल्यापासून धड डोळा नाही लागला. तुला काय, तू त्याच्या अस्थी घेऊन निघालास तो परत फिरकला नाहीस. त्याचा रिकामा पलंग माझ्या शेजारी. आदल्या संध्याकाळी माझीच टर उडवत होता लेकाचा. सकाळी मी म्हटलं, ऊठ आळशा, शिट्टी झाली... डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. का पडलं, ते त्यालाही ठाऊक नाही.

बुआलाय : आम्हाला ठाऊक आहे.

पैरोत : तुमची हडळ विमानानं जाते का वहिनी?

बुआलाय : तुमच्यामागे बसनं आली नाही ना, तेवढं बघा.

पैरोत : खामसिंग, तू होतास तेव्हा मी झोपायचो रे. माझे पाय तुझ्या उशाशी. मी झोपेत कण्हायला लागलो की तू माझा अंगठा ओढायचास, शिव्या घालायचास. आता नव्या पोरांना काय सांगू? बाबांनो, रात्रभर माझा अंगठा धरून बसा?

खामसिंग : म्हणून मला न्यायला आलास?

पैरोत : कामासाठी चल म्हटलं तर येतोस का?

खामसिंग : नाही.

पैरोत : मग खरं तेच सांगतो. मला भीती वाटते. डोळा लागला की वाटतं, गेलो. धडपडून उठतो. उजाडेपर्यंत रस्त्यानं फिरतो, कुत्रीसुद्धा आता भुंकत नाहीत माझ्यावर. एकट्यानं तिथे जाणार नाही मी. आणि गेलो नाही तर खाणार काय?

खामसिंग : मलाही वाटते भीती.

पैरोत : इथे? एवढं सगळं रंगवून?

खामसिंग : इथेही. पण ही माझ्या छातीवर हात ठेवून झोपते.

बुआलाय : हाताला मुंग्या येतात माझ्या. पण श्वास कळतो.

पैरोत : तुझं बरंय.

खामसिंग : पाय वर घे. बाजेवर.

पैरोत : कशाला? गाडी येईल.

खामसिंग : येऊ दे. पाय दे इकडे.

बुआलाय : आणि हात माझ्याकडे. घाबरू नका, नखंच रंगवते. गाडी येईपर्यंत तरी ती तुम्हाला उचलणार नाही.

पैरोत : मी जाणार आहे हं वहिनी. हा रंग निघतो ना? ठेकेदार काय म्हणेल?

बुआलाय : म्हणेल, बाई बरी दिसते. हात हलवू नका.

पैरोत : गाडी आली की मला सांग, खामसिंग. म्हणजे, चुकून जर... तर उठव. शपथ घे.

खामसिंग : शपथ.

पैरोत : अंगठा घट्ट धर. असा नाही... हां. तिथेसुद्धा असाच धरायचास. तुझे हात किती खरखरीत रे... त्या उदोमला एकदा आपण...

(पैरोत बोलता बोलता थांबतो. कोंबड्या बाजेखाली परत येतात. उन्हं फाटकापर्यंत उतरतात.)

बुआलाय : झोपला?

खामसिंग : झोपला.

बुआलाय : श्वास?

खामसिंग : ऐक की. घोरतोय.

बुआलाय : एक हात झाला, दुसऱ्याचं एकच बोट. आता रंगवलं तर जागा होईल... हॉर्न वाजतोय. गाडी आली.

खामसिंग : हो.

बुआलाय : उठवू नका. इतक्या दिवसांनी डोळा लागलाय बिचाऱ्याचा. जाऊ दे गाडी.

खामसिंग : शपथ घेतलीय मी.

बुआलाय : मोडा. मी सांगते.

खामसिंग : उदोमला वेळेत कोणी उठवलं नाही. याला मी उठवणार. पैरोत! ए पैरोत! ऊठ!

पैरोत : हं! काय? कोण गेलं?

खामसिंग : कोणी नाही. गाडी आलीय.

पैरोत : मी... झोपलो होतो?

बुआलाय : घोरत होतात. कोंबडासुद्धा वळून बघत होता.

पैरोत : आणि उठलो.

खामसिंग : उठलास.

बुआलाय : ही तुमची पिशवी. भाताची टोपली आत ठेवलीय, वाटेत खा. तो गाडीवाला ओरडतोय, बँकॉकचा माणूस कुठाय म्हणून.

पैरोत : उद्या हजर झालो नाही, तर ठेकेदार दुसरा माणूस घेईल.

खामसिंग : घेईल.

पैरोत : पुन्हा बोलवायचा नाही.

खामसिंग : नाही बोलवणार. इथे आमच्याकडे ऊस तोडणीला माणसं लागतात. तेवढं काही मिळत नाही.

बुआलाय : ओरडतोय हो तो. काय सांगू त्याला?

पैरोत : थांबा, मीच सांगतो. ओ गाडीवाले! कशाला बोंबलताय? या घरात पुरुष नाही! पाटी लावलीय ना, वाचता येत नाही का?

बुआलाय : अगं बाई, आवाज तरी बारीक काढायचा! दुसरा हात दे इकडे. चार बोटं राहिलीत.

खामसिंग : गेली गाडी. आता अंगठा सोडू का?

पैरोत : का? तुला घाई आहे?