अंतरपाटाची उलटी बाजू

बसा मंडळी, बसा! मागच्यांनी पुढं सरका — देवापुढं जागा धरून ठेवता येत नाही, पिशवी उचला ती! हां. नाम घेऊन झालं, पेटीनं सूर धरला, आता एक प्रश्न विचारतो. उत्तर मात्र लगेच नको! लगेच उत्तर देणारी माणसं मला घरीच पुष्कळ आहेत.

तुमच्या घरात एखादं काम अर्धवट पडलंय का हो? ... हसताय! म्हणजे पडलंय. एका बाहीचा स्वेटर असेल. तीन भिंती रंगवून चौथीपाशी वाळून गेलेला ब्रश असेल. मग ते काम ज्याचं असतं त्याला आपण काय म्हणतो? 'धरसोड माणूस! मन कसं ते थाऱ्यावर नाही!' म्हणतो की नाही? आता मला सांगा — काम अर्धं का राहतं? आळसानं? चंचलपणानं? की आणखी कशानं?

ऐका तर! आज राजा नाही, ऋषी नाही, राक्षस तर नाहीच नाही. आज आहे आष्ट्याची एक बाई आणि तिच्या हातातली सुई.

नाव द्वारकाबाई. सारी आळी म्हणायची द्वारकाकाकू. भरतकामाचा भारी नाद! आणि तेही कसलं? फुलीच्या टाक्याचं. दोसुतीचं जाळीदार कापड घ्यायचं, नमुन्यातली घरं मोजायची, आणि घरागणिक एक फुली घालायची. एक तिरका टाका असा — दुसरा त्याच्यावर असा! झाली फुली. अशा हजार फुल्या घाला, मग कुठं पोपटाचा एक पंख दिसतो. बायकांनो, तुम्हाला माहीत आहे. पुरुषांनो, तुम्ही नुसती मान हलवा!

काकूंच्या ट्रंकेत अशी कामं किती? चार! आणि चारही अर्धवट! एक दाराचं तोरण — त्यात हत्ती होते सात, पैकी चार पायांवर उभे, तीन नुसतेच सोंडा. एक मेजपोस, आठ माणसांच्या टेबलाचा. घरात टेबल दोघांचं, ते सोडा! तिसरी दत्तगुरूंची तसबीर — दोन मुखं पुरी, तिसऱ्या मुखाच्या जागी कोरं कापड. तिची नणंद शकू म्हणायची, "वहिनी, दोन तोंडांची माणसं आळीत कमी आहेत का, म्हणून देवही तसाच केलास?"

आणि चौथा होता अंतरपाट. म्हणजे खरा पहिला तोच! लेक वैजयंती एकोणीस वर्षांची झाली त्या दिवशी काकूंनी त्याची पहिली फुली घातली. काठाला पोपट आणि डाळिंबाची वेल, मधे मोकळं, गुरुजींनी कुंकवाचं स्वस्तिक काढायला. आज वैजू चौतीस वर्षांची. किती वर्षं झाली? पंधरा! अहो, पंधरा वर्षांत माणसं घर बांधून, भाड्यानं देऊन, भाडेकरूशी भांडूनसुद्धा मोकळी होतात!

काकूंची रीत अशी. सकाळी पोळ्या झाल्या की हत्तीच्या पायाला वीस फुल्या. मग जीव उडाला — उठल्या, मेजपोस काढला, एक पाकळी. तिथंही बसवेना! दत्ताच्या जटेत पाच फुल्या. यजमान अप्पा रेडिओ ऐकत म्हणायचे, "अगं, एक काहीतरी पुरं कर की!" काकू म्हणायच्या, "करतेच आहे की! चारही पुढं सरकतायत." सरकत होतीच, खोटं नाही. मुंगीसुद्धा सरकतेच की!

आणि एकदम, मंडळी, वैजूचं लग्न ठरलं! कुणी ठरवलं? वैजूनं. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका. दवाखान्याचा पाण्याचा पंप बिघडला, तो दुरुस्त करायला आला जयवंत — जळक्या मोटारींची वायर काढून नवी भरणारा, रिवाइंडिंगवाला. पंप तीनदा दुरुस्त झाला. खरं तर पहिल्यांदाच नीट झाला होता, पण ते असू द्या! लग्न बारा दिवसांवर आलं.

काकूंनी अंतरपाट काढला. काठ जवळजवळ पुरा. दोन पोपट, थोडी वेल, झालं! हात कसे भराभर चालायला लागले! तेवढ्यात शकूवन्सं लग्नघरी राहायला आल्या. चहा प्यायल्या, अंतरपाट हातात घेतला, वा वा म्हणाल्या, आणि — उलटा केला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "नवऱ्यामुलाकडं कुठली बाजू करणार?"

थांबा! कळलं का तुम्हाला? तसबीर भिंतीवर लागते, मागची बाजू पालीनं बघायची. मेजपोसाची उलटी बाजू टेबल बघतं. पण अंतरपाट? तो नवरानवरीच्या मधे धरायचा! एका बाजूला नवरी, एका बाजूला नवरा. एकाला सुलट दिसणार, दुसऱ्याला उलट! आणि काकूंच्या उलट्या बाजूला काय होतं? गाठी! लोंबते दोरे! इकडचा लाल तिकडं उडी मारून गेलेला, हिरव्यात निळा अडकलेला — नुसतं रान!

पंधरा वर्षं बाई मोजून मोजून फुल्या घालत होती, आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. जयवंतच्या घरचे वऱ्हाडी समोर उभे राहणार, सगळ्यांच्या नजरा कापडावर — आणि हे दिसणार!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, मागून अस्तर लावायचं! काकूंनाही तेच सुचलं. गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले, "अंतरपाट एकेरी असतो. जोडलेला मी धरत नाही." कुठल्या ग्रंथात आहे ते त्यांनाच ठाऊक! पण गुरुजींशी वाद घालायचा तर लग्न लागल्यावर, आधी नव्हे!

मग काकूंनी काय करावं? छोटी कात्री घेतली आणि मागची एक गाठ — कच्! कापली. हायसं वाटलं. कापड सुलट केलं, तर पोपटाची चोच उसवून खाली आलेली! अहो, गाठच तर चोचीला धरून होती! काकू घामाघूम. पुन्हा दोरा ओवायला घेतला, सुईचं नेढं सापडेना. ठेवला. हत्ती घेतला, ठेवला. मेजपोस घेतला, सुई बोटात घुसली. उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. कशासाठी गेल्या होत्या तेच आठवेना!

तेवढ्यात वैजू ड्यूटीवरून आली. खाटेवर अंतरपाट बघितला आणि दारातच थबकली.

"आई, तो काढलास?"

"मग! बारा दिवस राहिलेत. तू जरा या दोन रंगांत —"

"ठेव आत."

"अगं, म्हणजे?"

"गुरुजींकडं साधा पंचा असतो. तो धरतील." वैजूचा आवाज चढला. "तो ट्रंकेतून बाहेर आला की माझं लग्न मोडतं! कराडचं स्थळ आलं, तू तो काढलास, त्यांचा नकार आला. साखरपुडा झाला, तू तो काढलास, त्या मुलानं परस्पर दुसरीशी लग्न केलं. वाईच्यांनी आठ महिने 'कळवतो, कळवतो' केलं, तेव्हाही तो बाहेरच होता. मला भीती वाटते गं त्याची. या वेळी नको. माझ्यासाठी नको."

मंडळी, दिवसभर माणसांच्या जखमा धुणारी, रक्ताला न भिणारी मुलगी. तिला कशाची भीती? आईनं तिच्यासाठीच भरलेल्या कापडाची! काकूंनी घडी घातली. ट्रंकेत ठेवला. झाकण लावलं.

पण हात? हातांना कोण सांगणार? काकू बसल्या दत्तगुरू घेऊन. पाहुण्यांच्या याद्या, पापडांची वाळवणं, चुलत्यांचे रुसवे — सगळ्यांच्या मधे नुसत्या फुल्या, फुल्या! नऊ दिवसांत दत्ताचं तिसरं मुख पुरं! तोरणाचे सातही हत्ती उभे! शकूवन्संनी तोंडात बोट घातलं. "वहिनी, कुठं होता हा वेग इतकी वर्षं?" आणि काकू? चेहऱ्यावर आनंद म्हणाल तर नाही. दोन कामं हातावेगळी झाली आणि मन जास्तच सैरभैर. तसबीर भिंतीला टेकवली, पाठ फिरवली, आणि पुन्हा ट्रंकेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. झाकणाला हात लावायचा, मागं घ्यायचा. असं दिवसातून किती वेळा!

लग्नाला दोन दिवस. घरातली पाण्याची मोटार नुसती गुरगुरायची, पाणी चढेना. लग्नघर आणि पाणी नाही! जयवंतला निरोप गेला. आता जावई होणाऱ्या माणसाला कुणी मोटार उघडायला बोलावतं का? पण वन्सं म्हणाल्या, "बोलवा की! परवापासून मान द्यायचाच आहे, आज काम करून घेऊ!"

मोटारीचं काम झालं. हात पुसत जयवंत चहाला आत आला. शालू काढायला ट्रंक उघडलेली, आणि वर काय? अंतरपाट! आणि तोही उलटा पडलेला! वन्संनी पदरानं झाकायचा प्रयत्न केला, पण पदर तो केवढा! जयवंतनं बघितलं. वाकून बघितलं. मग विचारलं, "उचलू का काकू?"

काकूंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. "अरे, ती मागची बाजू आहे. पुढून बघ."

"पुढून बघतो की. पण आमच्याकडं मोटार जळून आली की आधी मागचं झाकण उघडतो. पुढून सगळ्या मोटारी सारख्याच." आणि तो बोट फिरवायला लागला. या गाठीवरून त्या गाठीवर. "काकू, दोरा संपला की शेपूट आखूड राहतं ना?"

"हो. नखाएवढं."

"मग इथं वीतभर आहे. आणि इथं. आणि हा लाल बघा, एवढा मोठा लोंबतोय. दोरा शिल्लक होता, फुली अर्धीच आहे." त्यानं वर बघितलं. "इथं हात थांबलाय. काय झालं होतं?"

मंडळी, पंधरा वर्षांत काकूंना आळीनं काय काय विचारलं असेल! 'कधी पुरं करणार?' 'अजून चाललंच आहे का?' 'याचं पुढं काय?' हे सगळं विचारलं. पण 'इथं काय झालं होतं' — हे कुणी विचारलं? एकानं तरी? नवऱ्यानं? लेकीनं? नाही!

काकू खाटेच्या कडेवर बसल्या. "हिरवा आहे ना," त्या म्हणाल्या, "ते कराडचं पत्र आलं तेव्हा. वैजू दवाखान्यातून यायची होती. पोळ्यांचं पीठ तसंच, सुई तशीच. मग त्या फुलीला हात लावायचा धीर होईना, म्हणून तोरण काढलं. लाल म्हणजे साखरपुड्याचा. वैजू तीन दिवस जेवली नाही. हातांना काहीतरी हवं, म्हणून मेजपोस. आणि हा निळा — आठ महिने फोनकडं बघत होतो आम्ही. तेव्हा दत्त घेतले. म्हटलं, देवाचं तरी पुरं होईल. तेही मन लागून होईना."

दारात कप वाजला. चहा घेऊन वैजू उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे.

"आई, म्हणजे अंतरपाट काढल्यामुळं नाही मोडलं?"

"काय?"

"मोडल्यावर तू थांबलीस. दर वेळी."

"मग काय करू?" काकूंचा आवाज फुटला. "तुझं पाऊल अडलं, आणि मी आपली पोपट भरत बसू? हातच चालायचा नाही माझा!"

वैजूनं चहा खाली ठेवला. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. चौतीस वर्षांची बाई, समोर होणारा नवरा, आत्या बघतेय — कसलीही लाज नाही! जयवंत बिचारा काय करणार? तो मोटार पुन्हा तपासायला बाहेर गेला. चांगली चालली होती हो ती!

आणि लग्नाचा दिवस उजाडला. वाजंत्री, अक्षता, गर्दी! गुरुजींनी हात पुढं केला, "अंतरपाट?" वैजूनं स्वतः काढून दिला. गुरुजी उलगडायला लागले, सुलट बाजू नवरीकडं करायला लागले, तर नवरी म्हणते, "नाही. ती बाजू त्यांच्याकडं. गाठींची माझ्याकडं."

गुरुजी गडबडले. मुहूर्त जवळ! वरपक्षात कुजबुज सुरू. जयवंतची आई म्हणाली, "अगं पोरी, नवरीनं चांगलं बघावं!"

"चांगलंच बघतेय आई," वैजू म्हणाली. "त्यांनी बघितलंय. मीच कधी बघितलं नव्हतं."

मंगलाष्टकं सुरू झाली. तिकडं जयवंतसमोर पोपट, त्यातल्या एकाला चोच नाही — दोन दिवसांत जमलंच नाही ते! इकडं वैजूसमोर ते सगळं रान. ती एकेक दोरा बघतेय. हिरवा. लाल. निळा. डोळ्यांतून धारा, आणि पुसायला हात मोकळे नाहीत, हातात हार! आणि द्वारकाकाकू? मागं उभ्या होत्या, अक्षता घेऊन. पंधरा वर्षांत त्या बाईचे हात इतके स्वस्थ कुणी पाहिले नव्हते.

आता, मंडळी, माझ्याकडं नका बघू. स्वतःकडं बघा! मघाशी हसलात ना अर्ध्या कामांना? तुमच्या सुनेनं पेटी शिकायचं सोडलंय. बापानं शेजारच्या खोलीची भिंत अर्धीच बांधलीय. भावानं परीक्षेची पुस्तकं माळ्यावर टाकलीयत. त्यांना तुम्ही काय विचारता? 'कधी पुरं करणार?' दर सणाला! दर पाहुण्यासमोर! अरे बाबांनो, तो प्रश्न नसतो, तो टोमणा असतो. आणि टोमण्यानं कुणाचा हात चालत नाही.

मी तरी काय वेगळा! माझी बायको एक रजई शिवत होती, सहा वर्षांपूर्वी थांबली. मी या गादीवर उभा राहून इतकी कीर्तनं केली, आणि तिला थट्टेनं म्हणत राहिलो, 'तुझी रजई होईपर्यंत थंडी संपेल.' ही कथा पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी घरी गेलो आणि विचारलं — कुठं थांबली होतीस? काय झालं होतं? तिनं सांगितलं. काय सांगितलं ते इथं सांगणार नाही. पण सहा वर्षं मी त्याच घरात होतो, मंडळी. त्याच घरात!

आता आरतीची ताटं येतील, उभे राहा, टाळ हातात घ्या. देवाचं नाव मोठ्यानं म्हणा. आणि घरी गेल्यावर आवाज जरा खाली आणून एकाला तरी विचारा — तुझं कुठं थांबलं होतं रे? विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल.